उंचावलेली जीप आणि तिचे सुकाणू

डिचोली तालुक्यातले, साखळीला लागून असलेले कारापूर आमच्या काही वाचकांना विठ्ठलापूरच्या विठ्ठलामुळे ठाऊक असेल. आम्हीही तेथे भगिनीच्या घरी गेलो होतो ते देवदर्शनाच्याच हेतूने. लिहिणार आहोत ते मात्र एका जीपगाडीविषयी. वाचकांनी क्षमा करावी. पण परप्रांतातील आपल्या पुष्कळ घरांत हल्ली असा एखादा तरुण आहे, ज्याला गाडी जशी मिळाली तशी ठेवणे कमीपणाचे वाटते.

आमच्या भाच्याची जुनी महिंद्र जीप त्याने एका शहरगावच्या गॅरेजमधून चांगली चार इंच उंच करून आणली होती. नवे जाड पाटे, लांब शॅकल, रुंद टायर, वर दिव्यांची माळ. अंगणात उभी असता ती मोठी रुबाबदार दिसे. भगिनी मात्र तीत बसायला तयार नव्हती. "मामा, आई उगाच भिते. तुम्ही बसून तर बघा," असे म्हणून त्याने आम्हांला केरीच्या रस्त्याला नेले. हीच वाट पुढे चोर्ल्याचा घाट चढून बेळगावास जाते. केरीच्या अलीकडे डावे चाक खड्ड्यात गेले, आणि भाच्याचे हात जागच्या जागी असताना जीप आपण होऊन उजवीकडे ओढली गेली. समोरून ट्रक येत होता. त्याच्या चालकाने वेळीच बाजू दिली म्हणून हा मजकूर लिहायला आम्ही आहोत.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क मेस्त्रीकडे गेलो. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत त्यांचे सारे आयुष्य खनिजवाहू ट्रकांखाली गेलेले. त्यांनी दिव्यांकडे पाहिलेही नाही. गोणपाट टाकून ते गाडीखाली शिरले, भाच्याला सुकाणूचक्र थोडे डावे-उजवे हलवायला सांगितले, आणि एकेका सांध्यावर हात ठेवून गप्प पडून राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "गाडी वर गेली, पण ही दांडी कुणी बघितलीच नाही."

ती दांडी म्हणजे ड्रॅग लिंक. स्टिअरिंगची पेटी चासीला घट्ट बसवलेली असते. तिच्या आर्मपासून निघून ही दांडी चाकाकडच्या आर्मला जाते. म्हणजे तिचे एक टोक वरच्या सांगाड्यावर आणि दुसरे खाली ॲक्सलबरोबर वरखाली होणारे. मूळ रचनेत ती जवळजवळ आडवी असते. हे असे का, ते घरच्या फूटपट्टीने समजते. तीस सेंटीमीटरची पट्टी टेबलावर आडवी ठेवून एक टोक बोटाने दाबावे आणि दुसरे अडीच सेंटीमीटर उचलावे. उचललेले टोक जेमतेम १ मिलिमीटर मागे सरकते. आता ते टोक आधीच पाच सेंटीमीटर उंच धरून तेथून आणखी अडीच सेंटीमीटर उचलावे. या वेळी ते ५ मिलिमीटरहून अधिक मागे येते. उचल तेवढीच, सरकणे पाचपट. चासी उंच केली की दांडी अशीच कायमची तिरकी होते, आणि मग प्रत्येक खड्डा व प्रत्येक उंचवटा चाकांना थोडेसे वळवूनच जातो. चालकाने हात कितीही स्थिर ठेवले तरी त्याचा इलाज चालत नाही.

त्या गॅरेजने हे ओळखले नव्हते असेही नाही. त्यांनी टाय रॉडला एक डँपर बसवून दिला होता. तो हिसका मऊ करतो, दांडीचा तिरकेपणा तसाच राहतो. आमच्या मते हे तापावर अत्तर लावण्यासारखे आहे.

खरे उपाय दोन. पेटीकडचे टोक खाली आणावे, म्हणजे अधिक खोल ड्रॉप आर्म घालावा. किंवा चाकाकडचे टोक वर न्यावे, म्हणजे आर्म नकलच्या माथ्यावर बसवावा. पहिला स्वस्त आहे, पण लांब आर्ममुळे पेटीच्या शाफ्टवर ताण वाढतो. दुसरा महाग, पण त्यात दांडी दगडाधोंड्यांपासूनही वर राहते. कोणताही आर्म असो, तो घडीव हवा. मूळचा आर्म तापवून वाकवणे किंवा कापून वेल्डिंगने जोडणे याला मेस्त्रींनी साफ नकार दिला. "हा तुटला तर ब्रेक असून उपयोग नाही," एवढेच ते बोलले. शिवाय लांब शॅकलमुळे पुढचे ॲक्सल किंचित फिरले होते, म्हणून वळणानंतर चाके आपोआप सरळ होत नव्हती. त्यासाठी पाट्यांखाली पाचरी घालाव्या लागतात.

भाच्याच्या मनात पॉवर स्टिअरिंग होते. रुंद टायरांनी चक्र जड झाले होते हे खरे. परंतु इंजिनावर चालणाऱ्या पंपाचा जोर आला की तो झिजलेल्या सांध्यांवर आणि चासीच्या बोल्टांवरही येतो. चाक दोन दगडांत अडकलेले असता हा जोर पेटीजवळची चासी फाडू शकतो. तेथे आधी आधारपट्टी द्यावी लागते.

पावसाळ्यात गोव्यात रानवाटांवरच्या मोटारस्पर्धा होतात. मलेशियात १९९७ साली सुरू झालेले रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून येथेही आले. भाच्याचे सारे आदर्श तिथले. पण तसल्या कित्येक गाड्या स्पर्धेच्या जागी ट्रेलरवर लादून नेतात, बाजारहाटाला नव्हे. रस्त्यावरच्या गाडीला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू आहे, आणि नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, वा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाल्यास विमा कंपनी काय म्हणेल हा प्रश्न आम्ही भाच्याला विचारला. तो काही बोलला नाही.

त्या संध्याकाळी भगिनीने त्याला काहीच सुनावले नाही. नुसता चहा पुढे ठेवला. आमच्या मते त्याचाच परिणाम अधिक झाला. आठवड्याभरात मूळचे पाटे आणि मूळ मापाचे टायर परत चढले, दांडी पुन्हा आडवी झाली, रॉडची टोके आणि किंग पिनची बेअरिंगे नवी पडली. पॉवर स्टिअरिंगची गोष्ट वाहतूक खात्यात विचारूनच पाहू, असे ठरले. आम्ही निघालो त्या सकाळी भगिनी आपण होऊन जीपमध्ये पुढे बसली आणि साखळीच्या स्थानकापर्यंत आम्हांला पोचवायला आली. नवे पाटे भाच्याने विकलेले नाहीत. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ते गोठ्याच्या माळ्यावर ठेवले आहेत.