विश्लेषण : बैठकीत सगळ्यांचे एकमत, तरी निर्णय का चुकतो?

इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याच्या गृहीतकावर २००३ मध्ये युद्ध झाले. अस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचरविषयक समितीने २००४ च्या अहवालात गुप्तचर यंत्रणेतील ‘ग्रुपथिंक’वर बोट ठेवले. करोनाच्या हाताळणीबाबत ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांनी २०२१ मध्ये हाच शब्द वापरला.

ग्रुपथिंक म्हणजे काय?

गटातील एकी टिकवण्याच्या नादात अन्य पर्याय तपासणेच राहून जाणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ च्या पुस्तकात ही संकल्पना सविस्तर मांडली. अशा गटातील माणसे हुशार असतात. पण वाईटपणा कोण घेणार, म्हणून गप्प बसतात.

गाजलेले उदाहरण कोणते?

‘सीआयए’ने प्रशिक्षण दिलेले सुमारे १,४०० निर्वासित क्युबन १७ एप्रिल १९६१ रोजी ‘बे ऑफ पिग्ज’ येथे उतरले. तीन दिवसांत मोहीम फसली, १,१०० हून अधिक जण पकडले गेले. अध्यक्ष केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी टिपणाद्वारे विरोध कळवला होता. बैठकांत मात्र ते गप्प राहिले. त्याची खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली.

केनेडी काय शिकले?

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली. सुरुवातीला कल हवाई हल्ल्याकडे होता. मोकळी चर्चा व्हावी म्हणून केनेडी काही बैठकांपासून मुद्दाम दूर राहिले. सल्लागारांचे गट पाडून त्यांना एकमेकांच्या योजनांतील त्रुटी शोधायला लावले. अखेर सागरी नाकेबंदी ठरली, वाटाघाटींना वेळ मिळाला आणि युद्ध टळले.

धोका ओळखायचा कसा?

‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ यानंतरची शांतता होकार धरली जाते का? शंका घेणारा ‘खोडा घालणारा’ ठरतो का? खरी मते बैठक संपल्यावर, चहाच्या टपरीवर ऐकू येतात का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर सावध व्हा.

टाळायचा कसा?

सोसायटीचा पुनर्विकास असो वा कंपनीचा प्रकल्प, अध्यक्षाने आपले मत शेवटी मांडावे. चर्चेआधी प्रत्येकाने मत चिठ्ठीवर लिहून द्यावे. हरकती शोधण्याचे काम आळीपाळीने एकेकावर सोपवावे. निर्णय मोठा असेल तर शिक्कामोर्तबाआधी आणखी एक बैठक घ्यावी. एकमत वाईट नसते. पण कोणी विरोधच केला नाही म्हणून झालेले एकमत पुन्हा तपासून घ्यावे.