साखर तपासता, मग पाय का नाही तपासत?

‘शुगरमुळे पाय कापावा लागला.’ हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतो आहे की आता ते कानावर पडलं की चिडायला होतं. नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. वाक्य सोयीचं आहे, कारण त्यात कोणाचीच चूक नसते. साखर होती, पाय गेला, नशीब. पण रक्तातली साखर वाढली म्हणून कोणाचा पाय एका रात्रीत काळा पडत नाही. त्याआधी काही वर्षं बऱ्याच गोष्टी घडत असतात. त्या डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा थांबवता येतात.

मधुमेहात ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांतल्या सुमारे ८५ टक्के लोकांना त्याआधी पायाला एक जखम झालेली असते. म्हणजे सूचना मिळालेली असते. ती कोणी वाचली नाही, हा खरा प्रश्न आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. तुम्ही त्यांतले असाल तर जरा आठवून बघा. गेल्या वर्षभरात उपाशीपोटीची साखर किती वेळा तपासलीत? आणि डॉक्टरांनी तुम्हाला मोजे, चप्पल काढायला लावून पाय किती वेळा पाहिले? (दवाखान्याच्या दारात चप्पल काढलीत, ती धरू नका.) बहुतेकांचं दुसरं उत्तर शून्य असतं. आमच्या व्यवसायाला याची लाज वाटली पाहिजे. पाय तपासायला पाच मिनिटं लागतात आणि त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. कदाचित म्हणूनच कोणी तपासत नसावं!

आता पाय जातो कसा ते बघू. बरीच वर्षं मधुमेह असला, आणि तो आटोक्यात नसला, की पायाच्या नसा खराब होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळवे जळजळतात, गादीवरून चालल्यासारखं वाटतं. मग हळूहळू हे सगळं थांबतं आणि रुग्णाला वाटतं, बरं झालं. प्रत्यक्षात पाय बधिर झालेला असतो. ‘डॉक्टर, जखम आहे पण अजिबात दुखत नाही हो’, असं रुग्ण दिलाशाने सांगतात. मला त्याच वाक्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. दुखलं असतं तर तुम्ही त्या पायावर चालला नसता.

ही गोष्ट आपल्याच देशात, पण वेगळ्या आजारात उघड झाली. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर काम करत होते. तेव्हा सगळ्यांचा समज होता की कुष्ठरोगाने बोटं सडतात आणि झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग फक्त संवेदना घालवतो. बोटं जातात ती न कळलेल्या भाजण्याने, कापण्याने, एकाच जागी पडत राहिलेल्या दाबाने. पुढे ते अमेरिकेत गेले आणि हाच विचार त्यांनी मधुमेहाच्या पायालाही लावला. जखमेवरचा दाब काढला तर जखम भरते, म्हणून पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालण्याची पद्धत तिकडे रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. कुष्ठरुग्णांसाठी आपल्याकडे वापरात आलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल आज मधुमेहींना मिळते ती याच वाटेने. ‘रोगाने बोटं झडतात’ हे वाक्य जितकं खोटं होतं, तितकंच ‘शुगरने पाय गेला’ हेही खोटं आहे.

बधिर पायाला जखम व्हायला काहीही पुरतं. मोटारसायकलचा सायलेन्सर. चपलेतून वर आलेला खिळा. दुपारी बारा वाजता देवळाची तापलेली फरशी. नवरात्रातले अनवाणी नऊ दिवस. घट्ट झालेली जोडवी. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्या. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण ज्याच्या पायाला निखारा कळत नाही त्याने अनवाणी चालण्याचा नवस करू नये आणि घरच्यांनी करू देऊ नये. मोजे घालून प्रदक्षिणा घातली तर कुठलाही देव रागावणार नाही.

याहून वाईट आहेत ते आपले घरगुती उद्योग. कुरूप ब्लेडने कापायचं, नाहीतर दुकानातून आणलेली कॉर्नपट्टी लावायची. त्या पट्टीत आम्ल असतं. ते कुरुपाबरोबर चांगली कातडीही जाळतं आणि बधिर पायाला ते कळत नाही. पाय गार वाटतो म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचा. जखमेवर चुना, हळद, कुणी दिलेली राख भरायची. आणि मग कोणीतरी सांगतं, ‘चालत राहा, रक्त फिरतं.’ तळव्याला जखम असलेल्या माणसाला इतका घातक सल्ला दुसरा नाही. प्रत्येक पावलागणिक ती जखम ठेचली जाते. महिनाभर रोज ड्रेसिंग केलं आणि रुग्ण त्याच पायावर चालत घरी गेला, तर ते ड्रेसिंग करून न केल्यासारखंच.

दुसरा धोका रक्तवाहिन्यांचा. पायाकडे जाणाऱ्या धमन्या आतून अरुंद झाल्या की साधं खरचटलेलंही भरत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या मधुमेहीचा धोका खूपच वाढतो. ‘साखर कंट्रोलमध्ये आहे, तेवढी एक विडी चालेल ना?’ असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो: नाही. तंबाखू-मिश्रीतलं निकोटिनही रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे तिथेही सूट नाही. आणि पाय हाताला कोमट लागतो म्हणून रक्तपुरवठा चांगला आहे असं समजू नका. नसा खराब झालेला पाय धमन्या तुंबल्या असल्या तरी उबदार लागू शकतो.

ज्यांना आधी एकदा जखम होऊन गेली आहे किंवा एखादं बोट काढलेलं आहे, त्यांचा धोका सगळ्यात जास्त. एक पाय गेला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. मूत्रपिंडं निकामी झालेले, डायलिसिसवर असलेले रुग्ण याच गटात येतात. मधुमेहाने नजर गेलेल्यांना आपली जखम दिसतच नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तळवा पाहायला घरात कोणी नसतं. हेही धोक्याचे घटकच आहेत, रक्ताच्या रिपोर्टात मात्र ते कधी छापून येत नाहीत.

आता थोडं आमच्या शल्यचिकित्सक मित्रांविषयी. काळं पडलेलं बोट दिसलं की बोट काढायचं, ती जखम भरली नाही की अर्धं पाऊल, तेही चिघळलं की गुडघ्याखालून. असा हप्त्याहप्त्याने गेलेला पाय पाहिलात तर विचारा, पहिलं बोट काढण्याआधी रक्तपुरवठा तपासला होता का? घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर ०.९पेक्षा कमी असलं तर धमन्यांत अडथळा असल्याची शंका घ्यावी लागते. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे हा आकडा फसवा, वाढीव येऊ शकतो. अशा वेळी डॉप्लर किंवा अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. धमनी फुग्याने किंवा बायपासने मोकळी करता येत असेल, तर ते आधी व्हायला हवं. रक्तच पोचत नसलेल्या पायावर घातलेले टाके कसे भरून येतील?

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. पाय अचानक लाल, गरम होतो, सुजतो, पण जखम नसते आणि फारसं दुखतही नाही. कोणी मुरगळला म्हणतं, कोणी युरिक ॲसिडच्या गोळ्या देतं. हा शार्को फूट असू शकतो. यात पायाची हाडं आतल्या आत ठिसूळ होऊन मोडतात. त्यावर चालत राहिलात तर तळव्याची कमान खचते आणि जन्माची जखम मागे लागते.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की स्वतःच मोजे काढून बसा आणि सांगा, ‘डॉक्टर, पाय बघा.’ नायलॉनचा १० ग्रॅमचा तंतू तळव्याला टेकवून संवेदना कळते, ट्युनिंग फोर्कने कंप कळतो, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बोटाने लागते. पाय ठीक असेल तर वर्षातून एकदा एवढं पुरे. बधिरपणा असेल तर निदान सहा महिन्यांनी, बधिरपणाबरोबर बोटं वाकडी असतील किंवा नाडी मंद असेल तर तीन महिन्यांनी, आणि आधी जखम होऊन गेली असेल तर दर एक-दोन महिन्यांनी. डॉक्टर वैतागले तर वैतागू द्या. घरी रोज रात्री तळवा पाहा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून किंवा नातवाच्या मोबाइलवर फोटो काढून. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा.

जखम दिसली तर ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि पाय सुजून काळा-निळा पडला असेल, पू किंवा घाण वास येत असेल, थंडी वाजून ताप असेल, माणूस गळून गेला असेल, तर वर सांगितलेलं डॉप्लर आणि दुसरं मत यात वेळ घालवू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा. अशा वेळी काही तासांत पू मोकळा करावा लागतो, कधी पायही काढावा लागतो, आणि त्या वेळचा तो निर्णय जीव वाचवणारा असतो.