पायाचे ऑपरेशन ‘कॅशलेस’ झाले, पण पुढच्या तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचे काय?

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर अपघात झाला, तरी जखमीला योजनेतील रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनारोकड मिळतात. देशात २०२३ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि ४ लाख ६२ हजारांहून अधिक जखमी झाले. पहिल्या काही तासांत पैशांअभावी उपचार अडू नयेत, या दृष्टीने ही योजना महत्त्वाचीच आहे.

मात्र पायाला मोठी दुखापत झालेल्या रुग्णाचे खरे काम सातव्या दिवसानंतर सुरू होते. त्या काळाचा खर्च कोण करणार, याचे उत्तर बहुतेक कुटुंबांना घरी गेल्यावरच कळते.

सात दिवसांत काय होते आणि काय राहते?

नडगीचे किंवा मांडीचे हाड मोडले, तर पहिल्या आठवड्यात बहुधा ऑपरेशन होते आणि रॉड किंवा प्लेट बसवली जाते. एक्स-रेमध्ये हाड सरळ दिसते आणि घरच्यांना वाटते, ‘झाले एकदाचे.’ पण रॉड हाडाला फक्त जागेवर धरून ठेवतो. नडगीचे हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात.

या काळात पाय हलवला नाही, तर दोन गोष्टी घडतात. मांडीच्या पुढचा स्नायू पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बारीक आणि अशक्त होतो. गुडघा आणि घोटा आखडतात. खुर्चीतून सहज उठायला आणि जिने चढायला गुडघा ९० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक वाकावा लागतो. मांडी घालून किंवा उकिडवे बसायला तो याहून बराच जास्त वाकावा लागतो. ज्याला शेतात, जमिनीवर बसून किंवा भारतीय पद्धतीच्या शौचालयात रोज वाकावे लागते, त्याच्यासाठी ९० अंशांवर अडकलेला गुडघा म्हणजे अर्धवट उपचार. खूप आखडलेला गुडघा नंतर मोकळा करण्यासाठी कधी कधी पुन्हा भूल द्यावी लागते.

पैसे कुठे थांबतात?

आपल्याकडच्या बहुतेक योजना रुग्णालयातील खाटेभोवती आखलेल्या आहेत. अपघाताची योजना सात दिवसांची आहे. आयुष्मान भारत योजनेत घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंत धरला जातो. खासगी आरोग्य विम्यात ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’ खर्च बहुधा ६० दिवसांपर्यंत मिळतो. काही पॉलिसींत हा काळ कमी किंवा जास्त असतो. फिजिओथेरपीचे पैसे त्यातच मागावे लागतात, आणि त्यासाठी डॉक्टरांची लेखी शिफारस व पावत्या लागतात. ऑपरेशन न होता फक्त प्लास्टर झाले आणि रुग्ण दाखलच झाला नाही, तर अनेक पॉलिसींमध्ये काहीच मिळत नाही.

याचा परिणाम असा होतो की रुग्ण पाच-सहा वेळा फिजिओथेरपीला जातो, रिक्षाचे आणि उपचाराचे पैसे परवडत नाहीत म्हणून थांबतो आणि तीन महिन्यांनी आखडलेला गुडघा घेऊन परत येतो. ऑपरेशनवर झालेल्या खर्चाचा पूर्ण फायदा त्याला मिळत नाही.

घरी जाण्याआधी हे विचारून घ्या

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांकडून पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्या.

१. पायावर वजन कधी आणि किती टाकायचे? हे फ्रॅक्चरच्या जागेवर अवलंबून असते. नडगीच्या मधल्या भागात रॉड टाकला असेल, तर अनेकदा लवकर वजन टाकू देतात. फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्यात गेले असेल, तर कित्येक आठवडे थांबावे लागते. शेजाऱ्याचा अनुभव इथे लागू होत नाही.

२. कोणता सांधा आजपासून हलवायचा आणि कोणता नाही?

३. फिजिओथेरपी किती आठवडे, आठवड्यातून किती वेळा?

४. घरी करायचे व्यायाम कोणते? ते रुग्णालयातच एकदा करून दाखवायला सांगा. घरच्या एका माणसाने ते मोबाईलवर चित्रित करून ठेवावेत.

रोज केंद्रावर जाणे जमत नसेल, तर आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्याला तपासणी आणि रोज घरी व्यायाम असा आराखडा फिजिओथेरपिस्टकडून बनवून घेता येतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो आणि तिथे खर्च बराच कमी येतो. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. खासगी केंद्रात जाणार असाल, तर फिजिओथेरपिस्टची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा.

घरी काय करता येते?

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर सुरुवात साध्या व्यायामांनी होते. पाऊल वर-खाली हलवणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे. पाच-दहा मिनिटे, पण दिवसातून तीन-चार वेळा. पुढे पाय सरळ उचलणे आणि खुर्चीतून उठणे-बसणे येते.

व्यायामाच्या वेळी थोडे दुखणे अपेक्षित आहे. ते तास-दोन तासांत कमी व्हायला हवे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणे वाढलेले असेल, तर व्यायाम जास्त झाला असे समजून प्रमाण कमी करा. कुबड्या घेऊन जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी.

ताज्या फ्रॅक्चरवर किंवा सुजलेल्या पोटरीवर कोणाकडूनही जोराने मालिश करून घेऊ नका. तसेच गुडघा कोणी जबरदस्तीने वाकवू नये.

थांबू नका, लगेच दाखवा

पोटरीत नवी सूज, दुखणे किंवा गरमपणा. अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे. प्लास्टरमध्ये न सोसणाऱ्या वेदना, बोटे बधिर, निळी किंवा थंड पडणे. ताप किंवा जखमेतून पू येणे. यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पावत्या आणि मुदत

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना औषधोपचार, प्रवास, बुडालेली कमाई आणि पुढील उपचारांचा खर्चही मांडता येतो. म्हणून फिजिओथेरपीची प्रत्येक पावती आणि शिफारशीची चिठ्ठी जपून ठेवा. कायद्यातील मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. ‘पाय बरा झाल्यावर बघू’ असे म्हणत थांबू नका, वकिलांचा सल्ला लवकर घ्या. कामगार ईएसआयसीचा विमाधारक असेल आणि दुखापत कामाशी संबंधित असेल, तर बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळू शकते. त्यासाठी मालकाला अपघाताची माहिती वेळेत द्या.

सरकारी योजनांनी आता दाखल रुग्णाच्या पुढेही पाहायला हवे. मोठ्या फ्रॅक्चरच्या पॅकेजमध्येच फिजिओथेरपीच्या ठरावीक भेटी धरल्या, तर ऑपरेशनवर खर्च झालेला सार्वजनिक पैसाही सार्थकी लागेल. तसे होईपर्यंत कुटुंबाने ऑपरेशनच्या खर्चाचा विचार करतानाच पुढच्या तीन महिन्यांचा हिशेबही मांडावा: फिजिओथेरपी किती, जाणे-येणे किती आणि रोज रुग्णाजवळ बसून व्यायाम करून घेणार कोण.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. वजन टाकणे आणि व्यायाम याबाबत आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्लाच अंतिम माना.)