घरकाम वहीत धरा, पण दोनदा नको



कांद्याची लागण परवा उरकली. सव्वा एकर. खालच्या वाफ्यांना पाणी फिरलंय, वरचे उद्या लाईट आली की भरून घेणार. रोप यंदा बरं होतं, मरतुक अजून तरी फार दिसत नाही. पिकाचं आज एवढंच. आज जे लिहायचंय ते दुसऱ्याच हिशोबाचं आहे, पण गंमत म्हणजे तो हिशोब मला कांद्याच्या वहीतच उमगला.

झालं असं, की दिवाळीनंतर गावात तपासणी शिबिर होतं. आमच्या सौ.ची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. डॉक्टर म्हणाले, "५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. अजून मधुमेह नाही, पण दारात उभा आहे. रोज अर्धा तास चाला, भाकरी-भाताला आवर घाला."

घरी येऊन सौ. मला म्हणाली, "अहो, चाला म्हणे! मी बसते कधी ते सांगा की त्यांना." मीपण मान हलवली. पहाटे पाचला उठलेली बाई. शेण, झाडलोट, चहा, भाकरी, धुणं, मग रानात लागणीच्या बायांबरोबर वाफ्यात. हिला अजून कुठं चालायला लावायचं?

आमची सूनबाई चिंचवडची. तिच्या मोबाईलमध्ये खाल्लेलं लिहायचं ॲप आहे आणि मनगटावर पट्टा. तिनं हौसेनं सासूचं खातं उघडलं. वय ५२, वजन ६४. "दिवसभराचं काम कसं?" बैठं, मध्यम, कष्टाचं, असे पर्याय होते. तिनं "कष्टाचं" निवडलं. रात्री जेवायच्या आधी परत व्यायामाच्या रकान्यात भरलं: झाडलोट अर्धा तास, धुणं पाऊण तास, भांडी, रानातलं काम. मोबाईल म्हणाला, अजून बरंच खायला शिल्लक आहे.

सौ. खूश. "बघा! मशीनपण म्हणतंय खा."

थोरला कंपनीतून आला होता, तो म्हणाला, "घरकाम व्यायामात धरत नसतात, आई." झालं. सून म्हणते धरायचं, पोरगा म्हणतो नाही. आई कोपऱ्यातून म्हणाली, "धरा नाहीतर सोडा, भांडी कोण घासतंय ते सांगा." आईचं हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्यावरच यायचंय.

आधी पट्ट्याचं सांगतो. दुसऱ्या दिवशी सूनबाईनं तो सासूच्या मनगटावर बांधला. सकाळी चुलीपुढं बसून भाकरी थापल्या, तर पट्ट्यानं पावलं मोजली! हात हलला की त्याला वाटतं माणूस चाललं. आणि दुपारी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून आली, एक हात भाऱ्याला धरलेला, हलत नाही. तेव्हा बरीच पावलं त्यानं धरलीच नाहीत. म्हणजे बसली तेव्हा चालली, आणि ओझं घेऊन चालली तेव्हा उभी राहिली. पट्टा वाईट नाही, पण तो रस्त्यानं हात हलवत चालणाऱ्या माणसासाठी केलाय. आपल्या बायांच्या कामासाठी नाही. तेव्हा त्याच्या आकड्यावर भाकरी ठरवू नका.

आता मुख्य हिशोब. रात्री मी लागणीचा खर्च वहीत लिहीत होतो. लागण उक्ती दिली होती, एकरी पैसे ठरवून. उक्त्याची रक्कम लिहिली आणि चुकून त्याच बायांची हजेरीपण खाली मांडायला लागलो. पेन थांबला. एकाच कामाचे पैसे दोनदा! आणि तिथंच ट्यूब पेटली. सूनबाईनंपण हेच केलं होतं.

ॲपमध्ये "कष्टाचं काम" निवडलं की ते उक्तं झालं. झाडलोट, धुणं, रान, सगळं त्यात आलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे बघा. ५५ किलोच्या बाईला बैठं काम असेल तर दिवसाला १,६६० कॅलरी, मध्यम असेल तर २,१३० आणि कष्टाचं असेल तर २,७२०. कामातला फरक या आकड्यांतच धरलाय. त्यावर परत झाडलोटीची हजेरी लावली की हिशोब फुगला. वजन उतरवायचं असेल तर थोरल्याचं बरोबर: घरकाम वेगळं व्यायाम म्हणून मांडून त्याच्या बदल्यात जास्त खायचं नाही.

किती फुगतो तेही सांगतो. नुसतं बसलेलं माणूस किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी जाळतं. म्हणजे सौ. बसली तर तासाला ६४. झाडू मारणं त्याच्या सव्वातीन पट धरतात, साध्या चालण्याच्या जवळपास. अर्धा तास झाडलं तर बसण्यापेक्षा जास्तीच्या सत्तर-पंचाहत्तर कॅलरी गेल्या. बाजरीच्या एका मध्यम भाकरीत दोनशेच्या आसपास असतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या झाडलोटीनं भाकरीचा एक-तृतीयांश तुकडा मिटतो. अख्खी नाही. चहातली दोन चमचे साखर म्हणजे चाळीस कॅलरी, आणि सौ.चे चहा दिवसाला पाच. हे सांगितलं तेव्हा ती गप्प बसली, आणि मलाही बरं वाटलं नाही. कष्टाचा असा तुकड्यात हिशोब ऐकायला कुणालाच आवडत नाही.

पण थांबा. तिनं आकडा "कष्टाचं" निवडला, तो तरी खरा आहे का? लागणीच्या आठवड्यात खरा. बाकीच्या वर्षात?

१९९५ साली आमचा थोरला झाला. तेव्हा घरात नळ नव्हता. भीमेवरून पाणी, हंड्यावर हंडा. धुणं नदीवर. दळण चक्कीवर, पण मिरची-मसाला उखळात. चार जनावरं. आज दारात नळ, मिक्सर, वॉशिंग मशीन, गॅस, दूध काढायचं यंत्र, आणि जनावर एकच. बाई अजून दिवसभर राबते, यात खोटं काही नाही. पाय दुखतात, कंबर दुखते. पण पूर्वीचं वजन उचलायचं काम गेलं आणि उभं राहायचं, वाकायचं, धावपळीचं काम राहिलं. दमणं तेवढंच, जळणं कमी. आणि ताटातल्या भाकरी मात्र हंड्याच्या काळातल्याच.

पुरुषांचं तर विचारूच नका. त्याच संस्थेच्या आकड्यांत ६५ किलोच्या पुरुषाला कष्टाचं काम असेल तर ३,४७० आणि बैठं असेल तर २,११० कॅलरी. फरक १,३६०. म्हणजे साडेसहा-सात भाकरी! आता आपला चाकण पट्टा डोळ्यापुढं आणा. जमीन एमआयडीसीत गेली, पैशातून वीस खोल्या बांधल्या, कामगारांना भाड्यानं दिल्या. कालपर्यंत नांगर धरणारा माणूस आज पारावर खाटेवर. माझ्या नात्यातच असे चार आहेत. काम एका वर्षात गेलं, भूक जायला दहा वर्षं लागली, आणि मधल्या काळात साखर आली. त्यांना विचारा, म्हणतील, "आम्ही शेतकरी, आम्हाला कशाला व्यायाम?" सातबारा गेला, पण ताट अजून शेतकऱ्याचंच.

मग घरकाम धरायचंच नाही का? तर तसंही नाही. इथं मी सूनबाईच्या बाजूचा.

तब्येतीच्या हिशोबात ते धरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलंय, मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत, आणि त्यात घरचं कामही येतं. पूर्वी सलग दहा मिनिटांची अट होती, तीही काढली. माझी आई ७६ वर्षांची. ती अंगण झाडते, लसूण सोलते, परसात वाकून आळ्याला पाणी घालते. तिच्यासाठी तोच व्यायाम. तिच्या हातातला झाडू काढून घेतला तर ती आजारी पडेल. पण त्याच संघटनेनं असंही म्हटलंय, की आठवड्यातून निदान दोनदा अंगातल्या ताकदीचा व्यायाम करावा. तो भांडी घासून होत नाही.

आणि तिसरा हिशोब आहे, तो सगळ्यात मोठा. कष्टाचा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. साधारण आठशे बाया. गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, खाणं दिवसाला अठराशे कॅलरींच्या आतबाहेर. डॉ. शोभा राव आणि मंडळींनी या बायांचं काम मोजलं. आधी गावातल्या बायांशी बोलून, त्या खरंच काय काय काम करतात ते विचारून प्रश्न तयार केले. शेतातलं आणि घरातलं दोन्ही धरलं, ज्या कामाला जितकी ताकद लागते तितके त्याला गुण दिले. २००३ मध्ये निष्कर्ष छापला: जिचे कष्ट जास्त, तिचं बाळ सरासरीनं लहान. आणि याज्ञिकांनी पुढं हेही दाखवलं, की आपल्याकडची ही बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी त्या मानानं जास्त घेऊन जन्मतात, आणि पुढं साखरेचा धोका त्यांना जास्त.

आमचा थोरला त्याच काळातला. आमचं गाव त्या सहात होतं असं मी म्हणत नाही. पण सौ. नवव्या महिन्यापर्यंत पाणी वाहत होती आणि पोरगं सव्वादोन किलोचं झालं, हे मला माहीत आहे. एका बाळावरून कारण सांगता येत नाही, हेही मला कळतं. तरी तो अभ्यास कळल्यावर त्या रात्री झोप आली नाही. कारण त्या बायांचं घरकाम मोबाईलनं नसेल मोजलं, पण पोटातल्या बाळानं मोजलं होतं.

आपण शेतकरी सरकारशी भांडतो ते कशावरून? पिकाच्या खर्चावरून, ज्यात घरच्या माणसांची मजुरीही धरलेली असते. हमीभावाच्या हिशोबात "एफ-एल" म्हणतात ते तेच. आणि घरात मात्र आपण तेच विसरतो. "घरचीच बाई, तिची कसली हजेरी?" २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशात शंभरातल्या ८१ बायका रोजचं घरकाम करताना आढळल्या, पुरुष २६. करणाऱ्या बाईचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, करणाऱ्या पुरुषाचा ९७. पाच तास, बिनपगारी आणि बिनहजेरी.

आता आईच्या वाक्यावर येतो. डॉक्टरांनी सौ.ला अर्धा तास चालायला सांगितलं. तो अर्धा तास आणायचा कुठून? तिच्या दिवसात मोकळी जागाच नाही. चालायचं तर झोपेतून कापायचा, नाहीतर कुणीतरी तिचं काम उचलायचं. "घरकाम म्हणजे व्यायामच की" असं आपण पुरुष म्हणतो ना, त्यात कौतुक कमी आणि सोय जास्त असते. ते व्यायाम ठरलं की आपल्याला झाडू धरावा लागत नाही. मी स्वतः हेच केलं. तिनं "मी बसते कधी?" म्हटल्यावर मी मान हलवली, आणि उठलो मात्र नाही.

गेले तीन आठवडे आमच्याकडं असं चाललंय. सकाळचं शेण आणि अंगण माझं. रात्रीची भांडी थोरल्याची, त्याची दुसरी पाळी असेल तेव्हा माझी. दुपारी आणि रात्री जेवल्यावर सौ. आणि सूनबाई कॅनॉलच्या रस्त्यानं पंधरा-पंधरा मिनिटं चालून येतात. जेवल्यावर चाललं की साखर कमी चढते, असं डॉक्टरच म्हणाले. ॲपमध्ये आता "मध्यम" निवडलंय, व्यायामाच्या रकान्यात घरकाम लिहायचं बंद. पाच चहाचे तीन झाले, भाकरी अर्धी कमी, आणि भाजी-उसळ वाढली. लागणीच्या दिवसांत मात्र तिनं पोटभर खाल्लं. तिथं आवर घाला म्हणणारा मी कोण?

पहिल्या दिवशी शेण काढून मला धाप लागली. सौ. दारात उभी राहून म्हणाली, "काय हो, झाला का व्यायाम?" मी म्हटलं, "नाही, काम झालं."

फेब्रुवारीत परत तपासणी आहे. आकडा उतरला तर सांगीन, नाही उतरला तरी सांगीन. तोवर तुमच्या घरी एक दिवस वही ठेवून बघा. कॅलरीची नको. कोण किती वाजता उठलं, काय काय उचललं आणि शेवटी जेवायला कोण बसलं, एवढंच लिहा.

उद्या वरच्या वाफ्यांना पाणी. थ्रिप्सवर नजर ठेवा, थंडी कमी झाली की वाढतील.