दुर्गापूरची माणसं मोजा

जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही तारीख ठरली आहे. या आठवड्यात ऊर्जानगरातले एक ओळखीचे साहेब म्हणाले, "आमच्याकडचं काम सोपं आहे. क्वार्टरला नंबर आहेत, यादी तयार आहे." तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

मोहर्लीच्या रस्त्यावर 2920 मेगावॉटचं वीज केंद्र, आणि ऊर्जानगर ही त्याची वसाहत. रुंद रस्ते, मोठी झाडं, आखीव क्वार्टरं. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे. लागूनच दुर्गापूर: कोळसा खाण, बाजार, भाड्याच्या खोल्या. त्यापुढे ताडोबाचं बफर क्षेत्र.

वसाहतीची धुणीभांडी करणारी, केंद्रात कंत्राटावर राबणारी कितीतरी माणसं या खोल्यांत राहतात. त्यांची यादी कुणाकडे आहे? माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमी रायतो इथं, अन् नाव हाये गावाकडं. मोजाले आले तं आमी कामावर रायतो न जी!" रात्रपाळीचा माणूस दिवसा कडी लावून झोपलेला असतो. दार वाजवून प्रगणक निघून गेला, की तो माणूस हिशेबातून गेला.

वाघांचं असं होत नाही. दर चार वर्षांनी जंगलात कॅमेरे लागतात, अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो. महाराष्ट्रात 2018 साली 312 वाघ होते, 2022 साली 444. ही मेहनत मला मोलाची वाटते. पण माणसांची शेवटची मोजणी 2011ची! त्याच आकड्यांवर आपण अजून दिवे आणि दवाखाने मागतो आहोत.

दिवा इथे जिवाचा प्रश्न आहे. 2022च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामावरून घरी निघालेला कामगार मारला. लगेच दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांचा मुलगा नेला. मे महिन्यात तिथेच एका आईने काठीने झोडपून बिबट्याच्या तोंडून आपली लेक सोडवली. अंगणात दिवा हवा, झुडपं तोडायला हवीत, कचरा रोज उचलायला हवा. नाहीतर डुकरं आणि कुत्री येतात, त्यांच्यामागे बिबट येतो. हे सगळं मागायला माणसं कागदावर असावी लागतात.

म्हणून ऊर्जानगर आणि दुर्गापूर या दोन्ही ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. घरमालकांकडून भाडेकरूंची यादी आत्ताच करून घ्या. प्रगणकांची फेरी संध्याकाळीही ठेवायची मागणी करा. जंगलाकडेच्या वस्तीत अंधार पडल्यावर त्यांच्यासोबत वनखात्याचा माणूस लागेल, त्यासाठी वनखात्याला आजच पत्र द्या.