‘शोधता येतं’ म्हणजे काय येतं?

माहिती-साक्षरतेचा, म्हणजे माहिती शोधून पारखण्याच्या कौशल्याचा, विषय काढला की पदवीचे विद्यार्थी म्हणतात, ‘शोधता तर येतंच!’ हा आत्मविश्वासच या अंकाचा विषय आहे. शोधायला आता भरपूर आहेही: जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली केली. तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटींची. दिल्ली विद्यापीठात, जेएनयूत शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलांच्याही हाती हे भांडार आलं आहे. पण त्यातला कोणता लेख विश्वासार्ह, कोणता संदर्भ मूळचा आणि कोणता उसना, हे योजना शिकवत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९४७ पासून ज्या दिल्ली विद्यापीठात हा विषय शिकवत, तिथे तरी हा प्रश्न परका वाटू नये.

ही पारख न करणाऱ्या मुलांना आळशी ठरवणं सोपं आहे, आणि चूकही. ती हिशेबी आहेत: ज्याला गुण नाहीत, त्याला वेळ नाही. म्हणून वेगळ्या सक्तीच्या अभ्यासक्रमापेक्षा नेहमीच्या निबंधातच संदर्भ पारखण्याला गुण द्यावेत, असं आम्हाला वाटतं. प्राध्यापकांवर आधीच ओझं आहे, हा आक्षेप खराच. म्हणूनच ग्रंथपालांना वर्गात सोबतीला घ्यावं. ‘आता एआय सांगतं की सगळं’ हा आक्षेप मात्र उलटतो, कारण ते अस्तित्वात नसलेले संदर्भही तितक्याच ठामपणे देतं. पुढल्या पानांवर विद्यार्थी, शिक्षक आणि ग्रंथपाल या तिन्ही बाजू मांडल्या आहेत. तुमचं मत वेगळं असेल, तर ते आधी कळवा.