सोऱ्या कोणाच्या हातात?

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर आणि वसुबारस यांच्यात महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना जेमतेम काही दिवस मिळतात. ओट्यावर भाजणीचा डबा, जमिनीवर वर्तमानपत्रावर पसरलेले पातळ पोहे, गॅसवर मंद आचेवर बेसन. घरातली सगळी लगबग तेव्हा स्वयंपाकघरात असते, आणि नेमके त्याच वेळी मुलांच्या कानावर पडते, "इथे लुडबुड नको, बाहेर जाऊन खेळा." मुले मुकाट बाहेर जातात. पुढे ताट समोर आले की चकली मऊ पडली, लाडू टाळ्याला चिकटतो, असे शेरे मारतात. फराळाशी त्यांचे नाते उरते ते फक्त परीक्षकाचे. यंदाचा अंक त्या नात्याच्या विरोधात आहे.

गंमत अशी, की हीच मुले अंगणात किल्ला करतात तेव्हा त्यांना कोणी हटकत नाही. विटा रचणे, त्यावर पोते टाकणे, माती कालवून लिंपणे, पायऱ्या कोरणे, दिवाळीपर्यंत उतार हिरवा दिसावा म्हणून काही दिवस आधीच हळीव किंवा मोहरी पेरणे, हे सगळे पुण्या-साताऱ्याकडची आठ-दहा वर्षांची पोरे आपसांत ठरवतात. तटबंदी ढासळली तर पुन्हा बांधतात. कपडे चिखलाने माखतात आणि त्यावरून फारसा आरडाओरडा होत नाही, कारण किल्ला मुलांचा, हे सगळ्यांना मान्य असते. हळीव किती दिवसांत उगवेल याचा हिशेब ज्याला जमतो, त्याला शंकरपाळ्याचे कातण धरता येणार नाही असे मानायला काही आधार नाही.

दिवाळीच्या फराळाची एक सोय अशी, की त्यातले काम लहान-लहान तुकड्यांत वाटता येते. रोजच्या भाजी-पोळीत ही सोय नसते. तिथे घड्याळ मानगुटीवर बसलेले. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात पसरणे, मग चाळून भुगा बाजूला काढणे, भाजलेल्या दाण्यांची साले चोळून पाखडणे, ही पाच-सहा वर्षांच्या मुलांची कामे. शंकरपाळ्याचे पीठ घरातल्या मोठ्याने भिजवून, पोळी लाटून द्यावी. तिच्यावर कातण फिरवणे हे पहिली-दुसरीतल्या मुलांना मनापासून आवडते. चौकोन तिरके येतात. तळल्यावर ते सरळ चौकोनांइतकेच छान लागतात.

बेसनाच्या लाडवात तर अर्धे रसायनशास्त्र आहे. तुपात पडलेले बेसन आधी जड लागते, उलथने ओढून घेते. मग हळूहळू सैल पडते, तूप सुटू लागते आणि वास जिन्यापर्यंत जातो. भाजणे मोठ्यांचेच काम, पण वास आणि रंग कधी बदलला हे सांगण्याची जबाबदारी मुलाकडे देता येते. खरा धडा त्यापुढचा. पिठीसाखर घालायची ती बेसन कोमट झाल्यावर. घाई करून गरम बेसनात घातली, तर साखर पाघळते, मिश्रण सैल होते आणि वळलेले लाडू ताटात बसतात. "थांबायचे का?" या प्रश्नाला इथे डोळ्यांना दिसणारे उत्तर आहे. दहा वर्षांच्या मुलाला ते एकदा पाहू द्यावे, त्यासाठी चार लाडू बसले तरी बिघडत नाही.

चकलीचे गणित याहून कडक. भाजणीत ढोबळ मानाने तांदळाच्या निम्मी हरभऱ्याची डाळ आणि तिच्या निम्मी उडदाची डाळ. त्यात थोडी मुगाची डाळ, धने आणि जिरे. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येक घराला आपलेच बरोबर वाटते. पण मोहनाबाबत दुमत नाही. जास्त पडले तर चकली तेलात विरघळते, कमी पडले तर दातांची परीक्षा घेते. म्हणून अनुभवी हात आधी एकच चकली तळून पाहतात आणि मग पिठात काय कमी-जास्त आहे ते ठरवतात. ही एक चकली पाडण्याचा, चाखण्याचा आणि निकाल सांगण्याचा मान मुलांना देता येतो. सोऱ्या दाबायला जोर लागतो. तिथे दोघा भावंडांनी आळीपाळीने हात लावावा. कढईजवळ मात्र कोणी नाही. उकळत्या तेलापाशी लाड चालत नाहीत.

अनारशांचे नाव काढले की अनेक घरांत मोठी माणसेच मागे सरतात, आणि ते रास्त आहे. गुळाचे प्रमाण किंवा तुपाचा ताव थोडा चुकला की अनारसा तुपात हसतो आणि कपाळाला आठ्या पडतात. तरी तांदूळ तीन दिवस भिजत असतात तेव्हा त्यांचे पाणी रोज बदलायचे असते. ते काम सात वर्षांच्या मुलाचे. एक दिवस विसरला तर काय वास येतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

मुलांना अशी खरीखुरी कामे द्यावीत ही काही कालपरवाची टूम नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह काढले. त्यांच्या पद्धतीत ओतणे, पुसणे, सोलणे, कापणे अशा रोजच्या कामांना अभ्यासाइतके महत्त्व होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि तो विचार गुजराती-मराठी मातीत रुजवला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे हाताशी धरले. वर्ध्याला 1937 मध्ये मांडली गेलेली नई तालीम तर हातांच्या कामातूनच शिक्षण या पायावर उभी होती. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले शेती आणि स्वयंपाक करतात. शाळेला जे सुचले, ते घराला सुचायला इतका वेळ का लागावा? कारण साधे आहे. शाळेत सांडलेले पीठ वेळापत्रकात बसते, घरात ते आईच्या वाट्याला येते.

मापांची अडचण मात्र अर्ध्या शतकापूर्वीच सुटली आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 मध्ये आले. तोळे-शेरांच्या जुन्या हिशेबाऐवजी त्यात घरातली वाटी आणि चमचा ही मापे होती. नव्या सुनांची त्यामुळे सोय झाली, हे नेहमी सांगितले जाते. तिसरीतल्या मुलालाही ते पुस्तक वाचून चार वाट्या मोजता येतात, हे सहसा सांगितले जात नाही. वजनकाटा लागत नाही, अंदाज लागत नाही. वाटी काठोकाठ की शिगोशिग, एवढेच विचारावे लागते.

आता थोडे पुण्या-मुंबईबाहेर. फराळ म्हणजे तळण, ही समजूत दक्षिणेकडे गेले की गळून पडते. सिंधुदुर्गात नरक चतुर्दशीला पहाटे तुळशीवृंदावनापाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि मग घरोघर पोहे होतात. गोव्यात रात्रभर जागून तरुण पोरे नरकासुराचे पुतळे मिरवतात, पहाटे जाळतात आणि फोव खायला घरी येतात: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, तिखशे. पोह्यांचेच प्रकार का, याचे कारण शेतात आहे. या दिवसांत तिथे नवे भात हाती आलेले असते आणि नव्या तांदळाचे पोहे सणाला लागतात. यातल्या बऱ्याच प्रकारांना कढईभर तेल लागत नाही. ताकातल्या पोह्यांना फार तर एक फोडणी. बाकी सगळे कालवणे. दहा वर्षांचे मूल हे एकट्याने करू शकते.

घाटावर वसुबारसेला गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी करण्याची रीत अनेक घरांत आहे. गवार मोडणे, दोरे काढणे हे मुलांनी करायचे काम, आणि ते पूर्वी मुलेच करीत. त्याआधी आश्विनात भोंडल्याची खिरापत असते, ती ओळखण्यासाठी डबा वाजवून दाखवायचा आणि पोरींनी पदार्थांची नावे घ्यायची. खाण्याबद्दलची मुलांची माहिती तपासण्याची इतकी चांगली परीक्षा एखाद्या पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

नाताळच्या तयारीत गोव्यातल्या आणि वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांनी मुलांना कामात घेण्याचा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. कलकल करताना सगळे घर टेबलाभोवती बसते. पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळी करायची. गोळ्या शेकड्यांनी करायच्या असतात, म्हणून जितके हात येतील तितके हवेच असतात. तिथे मुलाला कोणी "बाहेर खेळ" म्हणत नाही. त्याच ताटात नेवऱ्याही असतात, म्हणजे करंज्यांच्या सख्ख्या बहिणी.

या विषयाची एक अवघड बाजू आहे आणि ती टाळून सणाचा अंक काढणे बरे दिसणार नाही. केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. त्यात सहा वर्षांपासून पुढच्या सर्वांना धरले होते. घरच्या बिनपगारी कामात दिवसाभरात 81.2 टक्के बायका-मुली गुंतलेल्या आढळल्या. पुरुष आणि मुलगे 26.1 टक्के. जे हे काम करतात त्यांचा वेळ पाहिला, तर बायकांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटे आणि पुरुषांचा 97. "मुलांना स्वयंपाकघरात घ्या" असे म्हटले की अनेक घरांत त्याचा अर्थ "मुलीला घ्या" असाच होतो. मुलगी करंजीच्या कडा दाबत बसते आणि मुलगा आकाशकंदिलाची वायर ओढायला जातो. हे बदलायला भाऊबीज सोयीची आहे. ओवाळणीच्या पाकिटासोबत भावाने सकाळी स्वतः केलेले काहीतरी बहिणीपुढे ठेवावे. आणि घरातल्या बाबांनी हे केवळ मोबाइलवर टिपून थांबू नये.

विकतच्या फराळाला नावे ठेवण्याचा या अंकाचा इरादा नाही. गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभे राहिले. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. दिवाळीतल्या लाडू-चकल्यांच्या मागणीवर आज असंख्य बचत गटांचा हिशेब चालतो. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात चार पदार्थ विकत आले, तर त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. परदेशी राहणाऱ्या लेकरांना तर दिवाळीच्या कितीतरी आधी खोकी रवाना होतात आणि त्यावर तिथल्या मराठी मंडळांच्या संध्याकाळी साजऱ्या होतात. प्रश्न पाचव्या पदार्थाचा आहे. तो घरातच व्हावा आणि त्याची सूत्रे मुलांकडे असावीत, एवढाच या अंकाचा हट्ट.

म्हणून यंदाच्या पाककृतींची निवड एका चाळणीतून झाली आहे: मुलाला सुरुवातीपासून ताटात वाढण्यापर्यंत किती टप्पे स्वतः करता येतात? त्या चाळणीत अनारसे गळाले, रव्याच्या लाडवाचा एकतारी पाक गळाला. खजूर आणि सुक्या मेव्याचे लाडू राहिले, चक्का फेटून केलेले श्रीखंड राहिले. पहिला मान मिळाला दडपे पोह्यांना. दोन वाट्या पातळ पोहे, अर्धी वाटी ओले खोबरे, एक बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, चवीला मीठ आणि चिमूटभर साखर. नारळाचे पाणी शिंपडून सगळे हाताने हलकेच कालवायचे आणि ताटलीखाली पंधरा मिनिटे दडपून ठेवायचे. मोहरी, हिंग, मिरची आणि दाण्यांची फोडणी तेवढी मोठ्या माणसाने वरून ओतायची. तळलेला पोह्याचा पापड चुरून घातला, तर मागून कोणी काही बोलत नाही.

पाककृतींच्या सोबत बहुतेक पुस्तकांत नसलेली एक ओळ या अंकात प्रत्येक ठिकाणी आहे, 'आवराआवर' नावाची. तळणाची कढई, गाळून ठेवायचे तेल आणि सुऱ्या मोठ्यांनी आवरायच्या. पोळपाटावरचे सुकलेले पीठ खरवडणे, कातण पुसणे, सोऱ्या उघडून चकतीच्या भोकांत अडकलेली भाजणी खराट्याच्या काडीने काढणे आणि सगळे भाग धुऊन उन्हात पालथे घालणे, हे मुलांकडे. भाजणी सोऱ्यात रात्रभर सुकली, तर सकाळी तो अर्धा तास गरम पाण्यात भिजवावा लागतो.